शास्त्राच्या बाई

उत्तराबाई आठल्ये अंधेरीच्या आमच्या मुलींच्या शाळेत सामान्य शास्त्र शिकवायच्या. भूगोलाच्या बाई, शिवणाच्या बाई, तशा त्या शास्त्राच्या बाई. आधी मी त्यांच्या वर्गात होते, आणि पुढे त्याच शाळेत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून नोकरी केली. त्यामुळे इथं सांगतेय त्यातलं थोडं मी पाहिलेलं आहे. बरंचसं बाईंच्या आणि त्यांच्या नणंदेच्या तोंडून ऐकलेलं आहे. दोघींचं जिथं जुळलं नाही तिथं मी बाईंचं धरलंय. स्वतःची बाजू राखून बोलायची त्यांना सवय नव्हती.

आठल्यांचं बिऱ्हाड आंबोलीच्या रस्त्यावर, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर होतं. बाईंचे सासरे भाऊ आठल्ये मिशनच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. अंधेरीतल्या कितीतरी घरांत मुंजीचा मुहूर्त, सुतकाचे दिवस, श्राद्धाची तिथी असं काही अडलं, की माणसं भाऊंकडे यायची. भाऊ चष्मा लावायचे, एखादं पुस्तक काढायचे, आणि "शास्त्र असं आहे" म्हणून सांगायचे. पुढे कोणी वाद घालत नसे.

त्यांचा एकुलता मुलगा अनंत एका रंगाच्या कारखान्यात रसायनं तपासायचा. क्षमा ही त्याची धाकटी बहीण. दोघांची आई पूर्वीच वारलेली. उत्तरा क्षमाची शाळेतली मैत्रीण, तिनंच हे लग्न जुळवलं, आणि लग्न झाल्या दिवसापासून ती मैत्रिणीला हट्टानं वहिनी म्हणायला लागली. दोन वर्षांत अनंत गेला. अपेंडिक्स फुटलं, इस्पितळात न्यायला उशीर झाला. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचं कॉलेज अर्ध्यावर सुटलेलं होतं.

तेरावं झाल्यावर आठवड्याभरात भाऊंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "उत्तरा, तू उद्यापासून कॉलेजात जा. विद्येला सुतक नसतं."

आतल्या दारात भाऊंची बहीण माणिकआत्या उभी होती. सोळाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून ती भावाकडेच राहिलेली. ती म्हणाली, "लोक काय म्हणतील, भाऊ?"

"लोक मलाच विचारायला येतात," भाऊ म्हणाले.

तेवढं एक त्यांनी केलं. बाकी सगळं जसं चालत आलं होतं तसंच चालू राहिलं. हळदीकुंकवाला बाईंना बोलावणं नसे. लग्नघरी गेल्या तर त्या मागच्या खोलीत. सणाला ओवाळायची वेळ आली की आत्या हळूच म्हणायची, "उत्तरा, तू जरा आत हो." स्वतः आत्या आधीच आत गेलेली असायची. भाऊंनी यात कधी शब्द काढला नाही, आणि बाईंनीही काढला नाही. चौपन्न साली बी. एस्सी. होऊन त्या शाळेत लागल्या.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. बाई लोखंडाच्या गंजाचा धडा घेत होत्या. तीन बाटल्यांत तीन खिळे ठेवले होते, एक कोरड्या हवेत, एक उकळलेल्या पाण्यावर तेलाचा थर देऊन, एक साध्या पाण्यात. धडा संपत आला तशी वनमाला नावाची मुलगी उभी राहिली. वनमाला भोळी होती. तिच्या मनात खोडी नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"बाई, परवा काकूचं हळदीकुंकू होतं ना, तर मी म्हटलं, आमच्या बाईंना बोलवूया. तर आजी म्हणाली, नाही बोलवायचं, शास्त्र आहे. मग ते शास्त्र आणि आपलं हे शास्त्र एकच का?"

बाईंच्या हातात तिसरी बाटली होती. त्यांनी ती खाली ठेवली.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "विचारून सांगते. बस."

संध्याकाळी भाऊ गॅलरीत आरामखुर्चीवर होते. बाईंनी त्यांना वनमालाचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला, आजीसकट.

"शब्द एकच आहे," ते म्हणाले. "शास् हा धातू. शास् म्हणजे आज्ञा करणं, वळण लावणं. शासन त्यातूनच आलं. ज्याला शिकवायचं तो शिष्य, तोही त्यातूनच. जे आज्ञा करतं ते शास्त्र. अमुक कर, तमुक करू नकोस."

"पण मी मुलींना आज्ञा कुठं करते? खिळ्याला गंज का चढतो ते त्या स्वतः बघतात."

"मग तुझ्या विषयाला चुकीचं नाव पडलंय."

"इंग्रजीत सायन्स म्हणतात. त्याचा अर्थ काय होतो, भाऊ?"

"ते मला कसं ठाऊक असणार?" भाऊ म्हणाले. मग त्यांना आठवलं. "मिस्किटाला ठाऊक असेल."

फादर मिस्किटा भाऊंच्या शाळेत लॅटिन शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत दोघांच्या खुर्च्या शेजारी असत, आणि मधल्या सुट्टीत संस्कृत आणि लॅटिनचे शब्द एकमेकांशी ताडून बघायचा त्यांचा खेळ वर्षानुवर्षं चाललेला. फादर आता मनोरीला, आपल्या मूळ गावी जाऊन राहिले होते. रविवारी सासरा-सून निघाले. मालाडला उतरून टांग्यानं मार्वेला आणि तिथून होडीनं पलीकडे. घरातून दोघं मिळून असे कुठं पहिल्यांदाच बाहेर पडत होते. माणिकआत्यानं भाकरी आणि लसणीची चटणी बांधून दिली, पण कुठं चाललात ते विचारलं नाही.

फादर चर्चच्या मागच्या ओट्यावर मासेमारीच्या जाळ्याचा गुंता सोडवत बसले होते. तिथं तेव्हा प्रत्येकाच्या हाताला तेच काम असायचं, पाद्र्याच्यासुद्धा. भाऊंना बघून ते उठले आणि दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून नुसते उभे राहिले.

प्रश्न ऐकल्यावर फादरांना हसू आलं. "एवढ्यासाठी खाडी ओलांडून आलात? बसा. सायन्स म्हणजे लॅटिनमधलं सायंशिया. त्याच्या मुळाशी 'जाणणं' आहे. बाकी काही नाही. आमच्या सेमिनरीत ईश्वराबद्दलच्या विद्येलाही सायन्सच म्हणायचे. बाटल्या आणि नळ्यांशी त्या शब्दाची गाठ पडली ती अलीकडे. आणि सायंटिस्ट हा शब्द तर अगदी परवाचा, सव्वाशे वर्षांचासुद्धा नसेल."

"जाणणं," बाई म्हणाल्या. "म्हणजे आज्ञा नाही."

"आज्ञा नाही. पण त्याच्याही खाली काहीतरी आहे म्हणतात." फादरांनी हातातली गाठ दोन बोटांनी मोकळी केली. "काही पंडितांचं म्हणणं असं, की ते 'जाणणं' आधी 'कापणं' होतं. एक वस्तू दुसरीपासून वेगळी काढणं. वेगळं काढलं की कळलं. याची खात्री मी देत नाही हं. कापणं या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, त्याचं आणि तुमच्या संस्कृतातल्या छिद् चं नातं पक्कं आहे. जाणण्याचं नातं तिथपर्यंत पोचतं की नाही, यावर वाद आहे."

भाऊ पुढं सरकले. "छिद्. छेद. आणि विज्ञान या शब्दातला 'वि'सुद्धा वेगळेपणाचाच. वि-ज्ञान, वेगळं करून जाणणं." मग ते फादरांकडे वळले. "मात्र आमच्या जुन्या लोकांनी ज्ञान वर बसवलं आणि विज्ञान खाली. मोक्षाचं ते ज्ञान, कारागिरीचं ते विज्ञान. काहींनी तर अनुभवानं पटलेलं ते विज्ञान, असाही अर्थ केला. एका शब्दानं किती घरं फिरावीत!"

"आमचाही तसाच फिरला," फादर म्हणाले.

परतीच्या होडीत किनारा जवळ आला तेव्हा भाऊ एकदम म्हणाले, "जन्मभर लोकांना सांगत आलो, शास्त्र असं आहे. कुणी विचारलंच नाही, की आज्ञा कुणाची?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात वनमालाला उभं केलं. "तू विचारलं होतंस ते. शब्द एक आहे, अर्थ दोन आहेत. तुझी आजी म्हणते ते शास्त्र सांगतं, असं वागा. आपण शिकतो ते वागायला सांगत नाही, ते फक्त असं होतं का बघा म्हणतं. आणि बघून कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं." वनमालानं मान हलवली. तिला कितपत समजलं असेल, देव जाणे. मला स्वतःला त्या दिवशी फारसं समजलं नव्हतं.

त्याच वर्षी क्षमाला दिवस गेले. ती मुलुंडला दिलेली होती. तिचा नवरा नंदकुमार एका विमा कचेरीत होता. पहिलंच बाळंतपण म्हणून ती माहेरी आली. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचं ठरलं. यादव वाडीतल्या, आंबोलीतल्या ओळखीच्या सुवासिनींना आमंत्रणं गेली. क्षमा हौशी होती, हिरवी साडी, फुलांची वाडी सगळं तिला हवं होतं. आणि तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पहिली ओटी वहिनी भरेल."

माणिकआत्याच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "वेड लागलंय का तुला? ओटी सवाष्णीनं भरायची असते."

"मला माझ्या वहिनीकडून हवीय. दादा असता तर तिनंच भरली असती ना?"

आत्या भाऊंकडे वळली. "भाऊ, तुम्हीच सांगा आता. शास्त्र काय म्हणतं?"

"बघून सांगतो," भाऊ म्हणाले.

मग भाऊंनी कपाटं उघडली. सकाळी पूजा झाली की ते ग्रंथ घेऊन बसायचे ते जेवणापर्यंत. एका ग्रंथातून दुसऱ्यात जायचे, खुणेच्या काड्या घालायचे. बाई शाळेतून आल्या तरी ते तिथंच असायचे. एका संध्याकाळी चहाचा कप ठेवून बाई तिथंच थांबल्या.

"काय शोधताय, भाऊ?"

"तू ओटी भरावीस याला आधार. कुठंतरी असेल."

"मिळाला तर?"

"तर माणिकचं तोंड बंद होईल."

"आणि नाही मिळाला तर मी भरायची नाही?"

भाऊंनी वर पाहिलं.

"मिळाला तरी ती परवानगीच ना," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आजवर आज्ञेनं आत बसले, आता आज्ञेनं बाहेर येईन. त्यापेक्षा नको, भाऊ. माझ्यासाठी पळवाट शोधू नका. मी भरणार नाही."

बाई आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी बहिणीला, मुलीला आणि सुनेला बाहेरच्या खोलीत बोलावलं. चष्मा काढून हातात धरला होता.

"मी सगळं पाहिलं," ते म्हणाले. "लिहिलेलं आहे. स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी. उलट आधार शोधत होतो, तो मला सापडला नाही. सापडला असं मी खोटं सांगणार नाही. शास्त्राची आज्ञा आहे. ती मी मोडतो. मी, या घरातला कर्ता माणूस. दोष लागायचा तो मला लागेल. उत्तरानं ओटी भरावी, अशी माझी इच्छा आहे. आज्ञा नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. क्षमानं त्यांचा हात घट्ट धरला. आत्या मात्र जागची हलली नाही.

"मग मी?" ती म्हणाली. "मी उभा जन्म आत बसले, भाऊ. तुमच्या लग्नात, अनंताच्या मुंजीत, या पोरीच्या बारशात. ते कशासाठी?"

भाऊंनी हातातला चष्मा घडी करून खाली ठेवला. आत्या स्वयंपाकघरात गेली आणि डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळपासून सगळा स्वयंपाक एकटीनं करून शेवटचं पान उठेपर्यंत बाहेर आली नाही.

बाईंनी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. आलेल्या बायकांपैकी दोघी तेवढ्या वेळापुरत्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. क्षमा हसत होती. फुलांचे गजरे तिच्या कपाळावर येत होते आणि ती ते बाजूला सारत होती.

आठवा महिना संपता संपता एका दुपारी क्षमाला वाटलं, की पोटात हालचाल नाही. संध्याकाळपर्यंत तिनं कुणाला सांगितलं नाही. मग सांगितलं. प्रसूतिगृहात डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं. मुलगा झाला. चांगला वाढलेला होता आणि डोक्यावर दाट जावळ होतं. तो रडला नाही.

क्षमाला घरी आणलं. पहिल्याच दिवशी बाई तिच्यासाठी पेज घेऊन आत गेल्या. क्षमानं भिंतीकडे तोंड केलं.

"वहिनी, तू नको आत येऊस."

एवढंच. ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं, असं बाई म्हणायच्या. ती अगदी हळू, विनवल्यासारखं बोलली होती. बाईंनी पेज उंबऱ्यावर ठेवली आणि आत्याला हाक मारली. आत्यानं वाटी उचलली. तिनं "सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. तिला म्हणायची गरजच नव्हती.

बाईंनी दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर प्रसूतिगृह गाठलं.

"कारण काय झालं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. "नाळ पाहिली, ठीक होती. आईचं रक्त, रक्तदाब सगळं ठीक होतं. कळत नाही."

"म्हणजे अजून तपासायचं राहिलंय?"

"जेवढं तपासता येतं तेवढं तपासलं. अशी काही मुलं जातात. का जातात ते दर वेळी कळतंच असं नाही. कळलं असतं तर तुम्हाला लपवून मी काय करू?"

हे मला सांगताना बाई पुढे म्हणाल्या होत्या, "एखादं लांबलचक लॅटिन नाव सांगितलं असतं ना त्यांनी, तरी मी ते पदरात बांधून घरी आणलं असतं. आत्यांजवळ कारण होतं. माझ्याजवळ कारण नव्हतं. ज्याच्याजवळ कारण असतं त्याचं खरं वाटतं गं."

त्या घरी आल्या आणि क्षमाच्या खोलीच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. आत पाऊल टाकलं नाही.

"क्षमा, मी डॉक्टरीणबाईंना भेटून आले. त्या म्हणाल्या, कळत नाही."

क्षमा आतून म्हणाली, "एवढं शिकलीस. एवढंही सांगता येत नाही तुमच्या शास्त्राला?"

"नाही."

"मग काय उपयोग त्याचा?"

बाई तशाच उभ्या राहिल्या.

वर्गात त्या आम्हाला शिकवायच्या, की एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. सकाळची विरारची गाडी गेली की आपल्या शाळेची घंटा होते, म्हणून गाडी घंटा वाजवते असं कुणी म्हणेल का? आम्ही हसायचो. तो धडा त्यांनी त्या वर्षीही घेतला. मी समोरच्या बाकावर होते. गाडीचं उदाहरण देताना त्या मध्येच थांबल्या, फळ्याकडे वळल्या आणि उगाचच पुसलेला फळा पुन्हा पुसू लागल्या. आम्हाला वाटलं, बाईंना बरं नाही.

"मला सगळं येत होतं," त्या पुढे म्हणाल्या. "ते शिकवायचा पगार घेत होते. आणि तरी त्या दिवसांत वाटेत एखादी गरोदर बाई समोरून आली, तर मी रस्त्याची बाजू बदलायची. तिच्यावर माझी सावली नको. असं किती महिने केलं."

नातेवाइकांनी भाऊंना प्रायश्चित्त घ्यायला सांगितलं. भाऊंनी नकार दिला. पण एक दिवस बाई त्यांचं धोतर वाळत घालत असताना ते मागे येऊन उभे राहिले.

"उत्तरा, माझ्याकडून चूक झाली का?"

"आज्ञा मोडलीत, भाऊ. आणि मूल गेलं. या दोन गोष्टी आहेत."

"दोन आहेत. मलाही दोनच दिसतात," भाऊ म्हणाले. "पण मन काही त्या वेगळ्या करू देत नाही बघ."

लोक शास्त्र विचारायला यायचे तेव्हा आता भाऊ पुस्तक काढून समोर ठेवायचे आणि "इथं असं लिहिलंय" एवढंच म्हणायचे. हळूहळू येणारे कमी झाले. लोकांना दुसरा कोणीतरी सापडला, जो ठासून सांगायचा.

क्षमा मुलुंडला गेली ती माहेरी येईना. सणावारी नंदकुमार एकटाच यायचा आणि बाईंची नजर चुकवून चहा पिऊन जायचा. असं दीड वर्ष गेलं. अठ्ठावन्नच्या थंडीत भाऊंच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तेव्हा क्षमा ट्रंक घेऊन आली आणि राहिली. दोघी मिळून भाऊंचं करायच्या. एकीनं कुशीवर वळवायचं, दुसरीनं चादर ओढायची. कामापुरतं बोलायच्या.

एका दुपारी चादर बदलताना, भाऊंच्या पाठीला दोन्ही हात लावलेले असताना, क्षमा म्हणाली, "मला कुणीतरी हवं होतं गं, वहिनी. ज्याच्यामुळे झालं असं कुणीतरी. देवावर रागवायची भीती वाटायची. तू सगळ्यांत जवळ होतीस."

बाई म्हणाल्या, "उशी थोडी खाली घे. भाऊंची मान अवघडतेय."

क्षमानं उशी खाली घेतली. भाऊंच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते दुखण्यामुळे येतं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. दोघींपैकी कुणालाच त्या दिवशी तसं वाटलं नाही, आणि तरी बाई मला सांगताना म्हणाल्या, "दुखण्यामुळेही असेल. कोण सांगणार?"

भाऊ त्या उन्हाळ्यात गेले. मनोरीहून फादर मिस्किटा आले होते. ते जिन्यात एका बाजूला उभे राहिले, आणि तिरडी खाली उतरली तेव्हा त्यांनी आपल्या पद्धतीनं छातीवर क्रूस काढला. कुणी त्यांना अडवलं नाही.

एकोणसाठ साली क्षमाला पुन्हा दिवस राहिले. या खेपेला तिनं कसलाही समारंभ करू दिला नाही. दर महिन्याला तपासायला जायची आणि बरोबर बाईंनाच न्यायची. डॉक्टरीणबाई सगळं ठीक आहे म्हणायच्या. मागच्या वेळीही सगळं ठीकच होतं, हे तिघींनाही आठवत असायचं, पण तोंडानं कुणी काढत नसे. मुलगी झाली. बारीकशी होती, पण आवाज दणदणीत. बाई रात्रभर प्रसूतिगृहाच्या बाकावर बसून होत्या. सकाळी मुलीला पाहून त्या तशाच शाळेत आल्या आणि पहिला तास घेतला. केस विंचरलेले नव्हते. मुलींना त्यांनी काहीच सांगितलं नाही, पण त्या तासाला त्या कुणावरही ओरडल्या नाहीत, असं त्या वर्गातल्या मुलींकडून मी पुढे ऐकलं.

बारसं अंधेरीलाच झालं. मी तेव्हा शाळा सोडलेली होती, आणि बाईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. बायका जमल्या होत्या. पाळणा सजवला होता. माणिकआत्या घुगऱ्यांचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि एका शेजारणीला म्हणाली, "यंदा ओटीबिटी काही केली नाही. म्हणून बघा, कसं सुखरूप झालं."

बाईंनी ऐकलं. त्या पाळण्याची दोरी नीट करत राहिल्या.

क्षमानंही ऐकलं होतं. बाळाला खांद्यावर घेऊन ती आत्याजवळ गेली. "आत्या, तेव्हा ओटी भरली म्हणून गेलं, आता भरली नाही म्हणून जगलं, असं वाटतं ना तुला? मलाही वाटलं होतं. दीड वर्ष मी वहिनीचं तोंड पाहिलं नाही. पण आपल्याला ठाऊक नाही गं. तुला नाही, मला नाही, डॉक्टरलाही नाही."

"मग मला काय ठाऊक आहे?" आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. पातेलं दोन्ही हातांनी धरून ती तशीच उभी होती, केस सगळे पांढरे झालेले, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग बाई पाळण्याजवळून म्हणाल्या, "आत्या, ते पातेलं ठेवा आणि इकडे या. या बाजूला कुणीतरी उभं राहायला हवं. बाळाला पाळण्याखालून घ्यायचं आहे."

"मी?"

"या ना."

आत्यानं भावाच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे पाहिलं. मग जमलेल्या बायकांकडे पाहिलं. एक-दोघींनी माना खाली घातल्या. बाकीच्यांनी जागा केली. ती हात पदराला पुसत आली, पुसत आली आणि पाळण्यापाशी येऊनही पुसतच राहिली. बाईंनी बाळ पाळण्याखालून पुढं केलं. आत्यानं ते घेतलं. बाळाला घेताना आणि देताना म्हणायचे जे शब्द असतात, ते तिला सांगावे लागले नाहीत. घरातल्या प्रत्येक बारशाला तिनं ते स्वयंपाकघरातून ऐकलेले होते. आधी तिच्या तोंडून नुसता वारा आला. मग आवाज फुटला.

मुलीचं नाव नीला ठेवलं.